सालीतलं पोटॅश लगेच, नत्र मात्र सवडीने

केळ्याच्या साली भिजवलेलं पाणी गुलाबाला घालायची रीत आता घरोघरी पोहोचली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पालाश, म्हणजे पोटॅशियम, वनस्पतीच्या पेशीरसात सुटंच असतं. त्यामुळे साल चिरून भिजवली की ते पाण्यात उतरतं. नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, तसं नाही. ते प्रथिनांत अडकलेलं असतं आणि जिवाणू-बुरश्यांनी ती प्रथिनं तोडल्याशिवाय मुळांच्या हाती लागत नाही. थोडक्यात, हे पाणी म्हणजे पातळ पोटॅश. पिवळं पडलेलं झाड त्याने हिरवं होणार नाही.

कच्ची साल कुंडीत पुरणं तर आणखी अडचणीचं. फळांच्या सालीत कर्ब, म्हणजे कार्बन, भरपूर आणि नत्र त्या मानाने कमी. ती कुजवणारे जिवाणू तूट भरून काढायला कुंडीतल्या मातीतलं नत्र उचलतात. मग झाडाची खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात, आणि खत कमी पडलं असं समजून आपण आणखी साली पुरतो! अंगणात, खोडापासून हातभर लांब, वीतभर खोल खड्ड्यात हे चालून जातं. तिथे माती मुबलक असते. कुंडीत नाही.

म्हणून साली आधी बाहेर कुजवाव्यात. २० लिटरच्या झाकणाच्या बादलीला बुडाशी आणि बाजूंना भोकं पाडा, खाली विटेचे तुकडे ठेवून ती उचलून ठेवा. तळाला चार बोटं सुका पाचोळा. साली बोटाच्या पेराएवढ्या चिरून टाका आणि दर खेपेला एक वाटी सालींवर दोन वाट्या चुरलेला पाचोळा घाला. नत्रासाठी आठवड्याला मूठभर शेंगदाणा पेंड किंवा वाळलेलं शेण आणि विरजण म्हणून थोडं जुनं खत. तीन-चार दिवसांनी खालीवर करा.

ओल मुठीने जोखावी: मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसला तर ठीक. धार लागली तर हवा कोंडते आणि नासका वास सुटतो. कलिंगडाने हे हमखास होतं, कारण त्याच्या सालीत मुख्यतः पाणीच. ती आदल्या दिवशी उन्हात टाका. चिलटं झाली तर साली उघड्या राहिल्यात, वर पाचोळ्याचा थर द्या. संत्र्या-मोसंब्याच्या साली कुजतात, फक्त गांडुळांच्या पेटीत जपून. त्यांतलं तेल गांडुळांना सोसत नाही. लोणच्याच्या फोडी मात्र बादलीत नकोतच, मीठ मुळांना मारक.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, काम चालू आहे. चपट्या, करड्या-तपकिरी, वळवळणाऱ्या अळ्या सोल्जर माशीच्या. त्या कचरा खातात, झाड नाही. मात्र जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची आणि अर्धगोल वळून पडलेली अळी हुमणीसारखी, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीसारखी, दिसते. हुमणीच्या काही जाती मुळं कुरतडतात, तेव्हा अशा अळ्या वेचून काढलेल्या बऱ्या.

उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत खत होतं, पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. झालं का हे पाहायला मूठभर ओलं खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर अजून पंधरा दिवस थांबा. १२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी, खोडाला न टेकवता, वरच्या मातीत मिसळून.