सिली पॉइंटवरचा ‘सिली’

सिली पॉइंटचा खेळाडू फलंदाजाच्या इतक्या जवळ, गुडघ्यांत वाकून उभा असतो की फटका नीट बसला तर हात वर करायलाही वेळ मिळत नाही. तिथं उभं राहणं म्हणजे वेडेपणा, म्हणून ती जागा ‘सिली’. पण हा शब्द मुळात मोठ्या पुण्यवान घरातला आहे.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘सॅलिग’ होता. अर्थ सुखी, भाग्यवान, देवाची कृपा लाभलेला. त्याच्या भावंडांनी ही श्रीमंती अजून जपली आहे. जर्मन ‘झेलिग’ म्हणजे आजही धन्य, आणि डच भाषेत नाताळच्या शुभेच्छा देतात त्या ‘झालिख केर्स्टफेस्ट’ अशा.

मग इंग्रजीतच असं काय झालं? मला याचं उत्तर मेंढरात सापडतं. जुन्या इंग्रजी कवितेत मेंढराला हटकून ‘सिली’ म्हणतात. मेंढरू निष्पाप असतं, म्हणून देवाचं लाडकं. तेच दुबळंही असतं, कुणीही हाकावं असं. आणि त्याला अक्कलही बेताचीच! बोलणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असला तरी ऐकणारं पोर तिसरा उचलू शकतं, आणि वाक्य तरीही बरोबरच वाटतं. असे अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकेक पायरी उतरत जातात. शेक्सपिअरच्या ‘द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात ‘सिली’ बायकांना त्रास द्यायचा नाही, अशी अट दरोडेखोरांना घातलेली आहे. तिथं ‘सिली’ म्हणजे मूर्ख नव्हे, असहाय. सोळावं शतक सरेपर्यंत मात्र ‘मूर्ख’ हा अर्थही रुळला होता.

भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात. आपल्या ‘भोळा’ची गोष्ट फार वेगळी नाही. ‘भोळा भाव सिद्धीस जाव’ म्हणताना आपण हात जोडतो, आणि व्यवहारात फसलेल्या माणसाला ‘भोळाच आहेस’ म्हणून झिडकारतो. फरक इतकाच, की मराठीनं दोन्ही अर्थ सांभाळले.

‘नाइस’ नेमका उलट्या दिशेनं आला. लॅटिनमधल्या ‘नेस्किउस’चा, म्हणजे अजाण या शब्दाचा तो वंशज. इंग्रजीत आला तो मूर्ख म्हणून, पुढे चोखंदळ झाला, काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात छान. १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये कुणाला ‘नाइस’ म्हटलं असतं, तर ती शिवी ठरली असती.