संशोधन डेटाचे व्यवस्थापन

संशोधनात जमणारी मोजमापे, मुलाखती, छायाचित्रे नीट लावणे, जपणे आणि पुढे इतरांना वापरता येतील अशी खुली करणे, या कामाला संशोधन डेटाचे व्यवस्थापन म्हणतात. ‘विदा’ हा प्रतिशब्द छापील मजकुरात भेटतो. प्रयोगशाळेत सगळे ‘डेटा’च म्हणतात.

नाव नवे असले तरी पुण्याला हे काम जुनेच. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी हाताने लिहिलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठीवर शब्द, वाक्य आणि ग्रंथातले स्थळ. लिहिणारा केव्हाच निवृत्त झाला, तरी आजच्या संपादकाचे अडत नाही. मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीची माहिती, म्हणतात तो हाच.

संगणकावर नेमके हेच निसटते. पावसाच्या तक्त्यातली एखादी चौकट रिकामी आहे: पाऊस पडला नाही, की पर्जन्यमापक पाहायला कोणी गेलेच नाही? शून्य आणि ‘नोंद नाही’ यांना वेगळी खूण नसेल तर सरासरी चुकते. हवामान खाते सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदवते. म्हणजे ५ जुलैच्या आकड्यात बराचसा पाऊस ४ तारखेचा असतो. हे एक वाक्य फाइलसोबतच्या ‘रीडमी’त, म्हणजे माहितीच्या टिपणात, हवे. एक्सेलचा उपद्रव वेगळाच. ‘सेप्ट२’ या जनुकाचे ते परस्पर २ सप्टेंबर करून टाकी. अखेर २०२० मध्ये अशा जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर झाले.

डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा, ही ‘फेअर’ तत्त्वे (नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून) २०१६ साली मांडली गेली. यात सरसकट खुलेपणा अभिप्रेत नाही. आरोग्य पाहणीतून नुसते नाव खोडून भागत नाही. छोट्या वाडीत ‘वय ९४, निवृत्त शिक्षक’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची रीत समंजस आहे: निरीक्षण घेणाऱ्याला १८ महिने राखीव, मग संग्रह सर्वांना खुला.

प्रती तीन असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. एकाच कपाटातल्या दोन हार्ड डिस्क सोबतच भिजतात. डेटा झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवला की त्याला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो. इतरांनी तो कसा वापरावा याचा परवानाही तिथेच निवडावा. शोधनिबंधांत मात्र अजून ‘मागणी केल्यास डेटा मिळेल’ असे छापतात, आणि पीएचडी संपून विद्यार्थी बाहेर पडला की त्याचा निबंधात दिलेला ईमेल पत्ताच बंद झालेला असतो.