मशीनचं ऑइल खराब व्हायला लागलंय हे लवकर ओळखणं

गिअरबॉक्स, हायड्रॉलिक प्रेस, कॉम्प्रेसर, टर्बाइन यांच्यातलं वंगण तेल पार बाद व्हायच्या आधीच त्याची उतरती कळा पकडायच्या या पद्धती. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी किंवा नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला असलेली आपली मंडळी याला नुसतं 'ऑइल टेस्टिंग' म्हणतात, पण डिपस्टिकवर लेव्हल बघितली म्हणजे हे झालं असं नाही.

तेल बिघडतं ते मुख्यतः ऑक्सिडेशनमुळे, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी तेलाची रासायनिक क्रिया होऊन. गरम तेलाला हवा लागते, त्यात पाणी आणि लोखंड-तांब्याचा बारीक चुरा असला की बिघाड आणखी जोरात होतो. ढोबळ हिशोब असा की तेलाचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, त्यामुळे मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर असताना चोक झालेला ऑइल कूलर तसाच चालवू नये.

खरी मेख पुढे आहे. तेलात आधीपासून अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घातलेलं असतं आणि ऑक्सिजनचा मार पहिला तेच झेलतं, ते शिल्लक असेपर्यंत व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) आणि ॲसिड नंबर (तेलातल्या आम्लाचं माप) फारसे हलत नाहीत, रिपोर्ट नॉर्मल येतो, सगळे निर्धास्त, आणि ते संपलं की ॲसिड नंबर झपकन चढतो, तेल घट्ट होतं, व्हॉल्व्हच्या स्पूलवर (आत सरकणाऱ्या दांड्यावर) तपकिरी व्हार्निश, म्हणजे चिवट थर, चिकटतं. म्हणून लवकर पकडायचं तर अँटिऑक्सिडंट किती उरलंय तेच मोजायला हवं. टर्बाइन ऑइलसाठी आरपीव्हीओटी ही, तेल ऑक्सिडेशनपुढे किती टिकतं ते बघणारी टेस्ट करतात: तेल, पाणी आणि तांब्याची कॉइल एकत्र घालून १५० अंशांवर ऑक्सिजनच्या दाबाखाली ठेवायचं आणि दाब पडायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. ही मिनिटं नव्या तेलाच्या २५ टक्क्यांवर आली की तेल बदलायची वेळ झाली.

शेडमध्येही थोडंफार कळतं. तापलेल्या प्लेटवर थेंब टाकला आणि तडतडला तर पाणी आहे, आंबूस-जळकट वास आला तर ऑक्सिडेशन बरंच पुढे गेलंय. नुसत्या काळ्या रंगावर मात्र जाऊ नका, काही तेलं चांगली असतानाही काळपट होतात.

सँपल चालू, गरम मशीनमधून, फिल्टरच्या आधी रिटर्न लाइनवर घ्यायचं. टाकीच्या तळातून घेतलं तर गाळच येतो. आणि बॅरल उघडल्या उघडल्या नव्या तेलाची एक बाटली काढून तिचं रीडिंग घेऊन ठेवायचं, पुढचे सगळे आकडे तिच्याशीच ताडायचे असतात.