वैज्ञानिक संस्थेतील भेगाळलेल्या काँक्रीट कवचांची तपासणी व दुरुस्ती : निविदेसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या ४ किमी लांब भुजांमधली पोलादी नळी जेमतेम ३ मिमी जाडीची आहे. तिच्यावर काँक्रीटचे कमानदार कवच आहे. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया होणार आहे. अशा कवचांना किंवा प्रवेगकाच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) काँक्रीट भिंतींना भेगा पडल्या, तर केंद्र सरकारच्या संस्था निविदा काढूनच काम देतात.

तपासणी आणि दुरुस्ती ही सहसा दोन वेगळी कामे असतात. सरकारी खरेदीत हितसंबंधांची टक्कर नको अशी अट असल्यामुळे, ज्याने सल्लागार म्हणून भेगांचा अहवाल दिला त्याला त्यातूनच निघालेल्या दुरुस्तीत बहुधा भाग घेता येत नाही. तपासणीची रक्कम लहान, दुरुस्तीची मोठी. म्हणून कोणती बाजू धरायची ते आधी ठरवा.

तपासणीसाठी पात्रता

अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि चाचण्यांसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक पल्स (आतली पोकळी व भेगा), हाफ-सेल (सळ्यांचा गंज) आणि कोअर (कापून काढलेल्या नमुन्याची ताकद) या चाचण्या नेहमीच्या. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार भेगेची रुंदी सर्वसाधारण स्थितीत ०.३ मिमीपेक्षा आणि सतत ओलाव्यात ०.२ मिमीपेक्षा जास्त नसावी. पण नुसती रुंदी लिहून अहवाल पूर्ण होत नाही. भेग अजून हलते आहे की थांबली आहे, हे काचेची पट्टी किंवा क्रॅक गेज लावून काही काळ पाहावे लागते. हलत्या भेगेत कडक इपॉक्सी भरली तर शेजारी नवी भेग उघडते. तिथे लवचीक भरण लागते. त्यामुळे या निरीक्षणाला किती मुदत लागेल ते तांत्रिक प्रस्तावात स्पष्ट लिहा.

दुरुस्तीसाठी पात्रता

सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) धर्तीवरच्या निविदांत गेल्या ७ वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामे (प्रत्येकी अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्के), दोन कामे (६० टक्के) किंवा एक काम (८० टक्के) पूर्ण केलेले असावे लागते. ‘तशाच स्वरूपाचे’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या निविदेतच दिलेली असते. साध्या प्लास्टरचा अनुभव इथे चालेल असे गृहीत धरू नका.

कागदपत्रे

पॅन, जीएसटी, ईपीएफ आणि ईएसआयसी नोंदणी, उलाढालीचे लेखापरीक्षित ताळेबंद, बँकेचा पतदारी दाखला (सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट), कामपूर्तीचे दाखले. खासगी मालकाचे काम दाखवत असाल तर दाखल्यासोबत टीडीएसचा पुरावा मागितला जातो. मालकाने लेटरहेडवर कौतुक लिहून दिले म्हणून तो पुरावा होत नाही.

अनामत रकमेबाबत गोंधळ फार. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना मिळणारी सूट वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाच्या ठेक्यांना ती लागू होत नाही. एकाच फर्मला तपासणीच्या निविदेत सूट मिळू शकते आणि दुरुस्तीच्या निविदेत मात्र पैसे भरावे लागतात.

अर्ज कसा करायचा

क्लास ३ डिजिटल स्वाक्षरी घेऊन निविदेत दिलेल्या ई-पोर्टलवर नोंदणी करा. तांत्रिक आणि आर्थिक पाकीट वेगळे अपलोड होते. तांत्रिक पाकिटात चुकूनही दर दिसता कामा नये. शुद्धिपत्रके शेवटच्या दिवसापर्यंत तपासा. बँक हमीची मूळ प्रत मागितली असेल तर ती मुदतीत कार्यालयात पोहोचली पाहिजे.

निविदापूर्व बैठकीला जाच, आणि जागा डोळ्यांनी पाहा. यंत्र मोजमाप घेत असताना ड्रिलचा धक्का चालत नाही. लायगोच्या अमेरिकेतल्या केंद्रांत निरीक्षणकाळात देखभालीसाठी मंगळवार ठरलेला असतो. तुमच्या संस्थेत कामाला किती तास मिळणार ते बैठकीतच विचारून घ्या, कारण मजुरी आणि मुदत दोन्ही त्यावर ठरतात.

अणुऊर्जा विभागाच्या आवारात काम असेल तर मजुरांना पोलीस पडताळणीशिवाय प्रवेश मिळत नाही. हे दाखले कामगाराच्या गावच्या ठाण्यातून आणायचे असतील तर वेळ जातो, आणि तुमच्या मुदतीचे घड्याळ तोवर सुरू झालेले असू शकते. कार्यादेशाची वाट न पाहता नेहमीच्या टोळीचे दाखले आधीच काढायला घ्या.