ग्रुप बाय

ग्रुप बाय : एसक्यूएल या डेटाबेस-भाषेतील एक कलम. ठरावीक रकान्यात सारखे मूल्य असलेल्या ओळींचा गट करून प्रत्येक गटामागे निकालात एकच ओळ देणे, हे त्याचे काम. रोजकीर्दीतल्या नोंदी खातेवार खतावणे हीच मुळात ही क्रिया. दूध संकलनाच्या तक्त्यात 101 क्रमांकाच्या सभासदाच्या 6 व 5 लिटरच्या दोन आणि 102 ची 8 लिटरची एक ओळ असेल, तर ‘सिलेक्ट सभासद, सम(लिटर) फ्रॉम संकलन ग्रुप बाय सभासद’ या आज्ञेने 101 पुढे 11 व 102 पुढे 8 मिळतात; यातील ‘सम’ म्हणजे बेरीज.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांच्या 1970 च्या निबंधातील संबंधात्मक प्रतिमानात, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याच्या सिद्धान्तात, गटवार बेरजेची क्रिया नव्हती. त्यामुळे हे कलम सिद्धान्तातून निघाले असे मानण्यापेक्षा व्यवहाराच्या गरजेतून भाषेत आले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत घडवलेली सीक्वेल भाषा, म्हणजे एसक्यूएलचे पूर्वरूप, 1974 मध्ये प्रसिद्ध झाली. निदान 1976 च्या सीक्वेल-2 वरील निबंधापर्यंत ग्रुप बाय व (गट गाळणारे) हॅव्हिंग ही दोन्ही कलमे तीत आलेली होती. बेरीज, सरासरी यांसारख्या फलांचा (फंक्शन्सचा) संबंधात्मक बीजगणितात, म्हणजे तक्त्यांवरील क्रियांच्या गणितात, रीतसर समावेश अँथनी क्लुग यांनी केला तो 1982 मध्ये, म्हणजे वापर रुळल्यावर.

गटात न घेतलेला रकाना नुसता मागता येत नाही. वरच्या आज्ञेत तारीखही मागितली, तर 101 च्या दोन तारखांपैकी कोणती द्यायची? मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली पूर्वी त्यांतली कोणतीही एक बिनदिक्कत देत असे, 5.7 आवृत्तीपासून मूळ मांडणीतच अशी आज्ञा नाकारली जाते. मात्र गटाच्या रकान्यांवरून जो रकाना एकमेव ठरतो तो घेण्यास एसक्यूएलच्या 1999 च्या प्रमाणकाने मुभा दिली, आणि ही भूमिका तर्काला धरून आहे.

रिक्त मूल्याची, म्हणजे नलची, वागणूक चमत्कारिक आहे. तुलनेत दोन नल एकमेकांशी समान ठरत नाहीत, तरी ग्रुप बाय त्यांना एकाच गटात बसवते. बेरजेच्या रकान्यातील नल सम वगळते. ओळी मोजणारे काउंट(*) मात्र त्या ओळीही मोजते.

गट होण्यापूर्वी ओळी गाळायला व्हेअर, गट झाल्यावर गट गाळायला हॅव्हिंग. 1999 च्याच प्रमाणकात गटांबरोबर उपबेरजा व एकूण बेरीजही देणारे रोलअप व क्यूब आले. त्यांतील एकूण बेरजेच्या ओळीतही गटाच्या रकान्यात नलच येत असल्याने खऱ्या नलपासून ती वेगळी ओळखण्यासाठी ग्रुपिंग हे स्वतंत्र फल द्यावे लागले.