कुठल्या तालमीचा रं तू? पेठ, बोर्डिंग आणि ‘आपली माणसं’ यामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात नवीन पोरगा भेटला की नावाच्या आधी "कुठल्या पेठेतला?" आणि लगेच दुसरा प्रश्न "तालीम कुठली?". गंमत अशी की विचारणाऱ्यानं आणि सांगणाऱ्यानं दोघांनीही उभ्या आयुष्यात लंगोट लावलेला नसतोय, तालमीत गेले असतील ते गणपतीची पावती पुस्तकं आणायला. तरीपण उत्तर आलं की पुढं किती मोकळं बोलायचं ते ठरतंय.

माझं घर मंगळवार पेठेत आणि आजोळ शिवाजी पेठेत. शाहू स्टेडियमवर दोन्हीकडच्या टीमची मॅच असली की मामा त्या दिवशी घरी यायचा पण उंबऱ्याच्या आत यायचा नाही, पिशवी दारातच द्यायचा आणि आई चहा टाकू का म्हणाली की "आज नको गं अक्का, उद्या". सख्ख्या बहिणीच्या घरचा चहा नको, कारण काय तर फुटबॉल. आम्ही हसायचो, आई मात्र खरंच चिडायची. आता हा चहा लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

तर तालीम मुळात कुस्तीची. शाहू महाराजांनी पैलवानांना आधार दिला, १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं गोल मैदान बघितलं आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान बांधून घेतलं, ते १९१२ ला पुरं झालं. पेठापेठांत तालमी होत्याच. पुढं कुस्ती घुमणारी पोरं कमी होत गेली पण तालीम काय बंद पडली नाही, तिथंच गणपती, तिथंच वर्गणी, मयताला माणसं तिथनंच, इलेक्शनचं गणित पण तिथंच, आणि संध्याकाळी फुटबॉल. म्हणून तर इथल्या टीमची नावं पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी, बाहेरच्याला वाटतंय कुस्तीचा फड आहे का काय.

पण पेठ वेगळी म्हणून एवढी खुन्नस का? दोन गल्ल्यांत ना भाषेचा फरक ना तांबड्या-पांढऱ्याच्या चवीचा (चवीवर भांडणारे आहेत, ते सोडा). याचं सगळ्यात भारी उत्तर मला हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाकडं सापडलं. पोलंडमधला ज्यू, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती लागला, फ्रेंच युद्धकैदी म्हणून ठेवला म्हणून जगला, परत आला तर घरातलं जवळजवळ कोणीच उरलं नव्हतं. कुठल्या गटात नाव लागतंय यावर जीव राहतो का जातो हे ज्यानं अंगावर काढलंय त्यानं पुढं इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये १९७० च्या आसपास शाळकरी पोरांवर एक साधा प्रयोग केला. १४-१५ वर्षांची पोरं, त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं तू या गटात, तू त्या गटात. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही केलेली. आपल्या गटात कोण कोण आहे ते पण कुणाला माहीत नाही. मग दोन अनोळखी पोरांना पैसे वाटायला लावले, स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं, तरी पोरांनी आपल्या गटाकडं जास्त सरकवले. आणि खरी मेख पुढं आहे, आपल्या गटाला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्या गटापेक्षा जास्त पाहिजेत, असा पर्याय पोरं निवडायला लागली. म्हणजे भांडायला जुनं वैर लागतंच असं नाही, नुसता शिक्का मारला तरी पुरतंय. मामाच्या चहाचं कोडं मला तिथं सुटलं.

हे वाचून कुणी म्हणेल मग गटच नकोत, सगळ्यांना एकत्र ठेवा. हा प्रयोग कोल्हापुरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. खेड्यातनं शिकायला येणाऱ्या पोरांना राहायला-जेवायला जागा नव्हती म्हणून १८९६ ला राजाराम कॉलेजच्या पोरांसाठी सगळ्या जातींचं मिळून एक वसतिगृह निघालं. कागदावर सगळ्यांचं, पण प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच होऊन बसलं, कारण शिकणारे तेच जास्त आणि रीतीभाती पण त्यांच्याच, बाकीच्यांना तिथं पाहुण्यासारखंच वाटणार. मग महाराजांनी उलटा रस्ता धरला, ज्याचं त्याचं बोर्डिंग. १९०१ ला मराठा आणि जैन, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, पुढं शिंपी, दैवज्ञ, सुतार, नाभिक करत आकडा वीसच्या आसपास गेला. जातवार बोर्डिंगांनी जात पक्की होणार अशी टीका तेव्हापासून आहे आणि ती अगदीच चुकीची नाही असं माझं मत. पण ज्या पोराला गावात कुणी ओसरीवर घेत नव्हतं त्याला पहिल्यांदा "हे आपलं" म्हणायला एक छप्पर मिळालं हे पण तितकंच खरं, आणि शिकून वर आलेल्या एका अख्ख्या पिढीचं मूळ तिथं आहे.

छपराला नियम पण असतात. जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता, तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला आणि परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचं या अटीला नाही म्हणाला. झालं, बोर्डिंग सुटलं. ज्यांनी शिकायला जागा दिली त्यांनीच एका आंघोळीपायी बाहेर काढलं. याच कर्मवीरांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग चालवलं ते सगळ्या जातींच्या पोरांचं, एकत्र राहायचं, हातानं रांधायचं आणि एका पंगतीला बसायचं. १८९६ ला जे जमलं नाही ते इथं जमलं, कारण इथं कुणी यजमान नव्हतं का कुणी पाहुणा नव्हता, चूल सगळ्यांची होती. चुलीवरनं आठवलं, महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं थांबून चहा घ्यायचे, सोबतच्या बड्या मंडळींना पण मग घ्यावा लागायचा. छत्रपतीच पितायत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

वेगळ्या गटांची माणसं एकत्र कधी येतात हेच मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं १९५४ ला अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका कॅम्पमध्ये बघितलं. अकरा-बारा वर्षांची २२ पोरं, दोन गट, आधी एकमेकांचा पत्ताच नाही. मग स्पर्धा लावल्या, रस्सीखेच वगैरे, आठवड्याभरात एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल. समेट व्हावा म्हणून एकत्र जेवायला बसवलं तर ताटातलं अन्न एकमेकांच्या अंगावर, नुसती पंगत पुरत नाही ते असं. मग पाण्याची टाकी बंद पडली, जेवण आणणारा ट्रक अडकला (मुद्दामच केलेलं सगळं) आणि पोरांनी तो ट्रक ओढला तो रस्सीखेचीच्याच दोरानं. अशी दोन-चार कामं झाल्यावर तिढा सुटला. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग मात्र फसला होता, का तर तिथं पोरांची वाटणी करायच्या आधीच दोस्ती झालेली, कितीही चिथवलं तरी पोरं भांडेनात. मला विचाराल तर फसलेला प्रयोगच जास्त शिकवून जातोय.

आपल्याकडं टाकी कुणाला बंद पाडावी लागली नाही. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून ५५ च्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद, घरात माणसं अडकलेली. त्या आठवड्यात मामाच्या तालमीत आमच्या पेठेतली पोरं कांदे चिरत बसलेली मी बघितलीत, आणि मामा स्वतः परातीतनं भात काढत होता, कुणाच्या अंगात कुठल्या टीमचा टीशर्ट आहे, बघायला कुणाला वेळ नव्हता. पाणी उतरलं, चिखल काढला, सीझन सुरू झाला आणि गॅलरीत परत शिव्या चालू.

मामा आता सत्तरीला आलाय, गुडघ्यामुळं स्टेडियमवर जात नाही, मॅच मोबाईलवर बघतोय, ती पण आमच्याच घरात कारण वायफाय आमच्याकडं चांगलं आहे. चहा घेतोय. फक्त हाफटाइम झाल्यावर.