टू-स्ट्रोक स्कूटरचं ऑइल: पेट्रोलमध्ये मिसळायचं की ऑइल पंपावर ठेवायचं?

चेतक, प्रिया, एलएमएल, लुना किंवा कायनेटिक होंडा घेऊन येणारे बरेच ग्राहक आम्हाला विचारतात, "ऑइलचा पंप (वेगळ्या टाकीतलं ऑइल इंजिनाला पोचवणारा) चांगला, की मिक्स पेट्रोल (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं)?" गॅरेजच्या गर्दीत उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचं मत आधीच सांगतो. कंपनीतून जी सोय आली आहे ती धडधाकट असेल, तर तीच ठेवा. चेतकला बाहेरून पंप बसवायच्या भानगडीत पडू नका. कायनेटिक होंडाचा चालता पंप कुणीतरी घाबरवलं म्हणून काढूनही टाकू नका. मात्र पंप खरोखर गेला असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, तर जुगाड करून तो चालवण्यापेक्षा मिक्स पेट्रोल केव्हाही बरं.

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाशी साठतं आणि फिरून फिरून वापरलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये तशी जागाच नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये जाते. त्यांच्यासोबत आलेलं ऑइल क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला लागतं, वर जाऊन जळतं आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. त्यामुळे ऑइल सतत येत राहिलं पाहिजे. चालत्या गाडीत ते थांबलं, की पिस्टन पकडायला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम व्हायला, फार वेळ लागत नाही.

मिक्स पेट्रोल

चेतकसारख्या गाडीला चांगलं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल असेल तर लिटरला 20 मिली पुरतं, म्हणजे 5 लिटरला 100 मिली. नवीन बोअर केलेल्या इंजिनाला सुरुवातीला आम्ही लिटरला 30 मिली सांगतो. डब्यावर जासो एफसी किंवा एपीआय टीसी ही टू-स्ट्रोक ऑइलच्या दर्जाची खूण आहे का ते बघा. कारचं किंवा मोटरसायकलचं इंजिन ऑइल यात चालत नाही. ते स्वच्छ जळत नाही आणि प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर राख धरते.

चूक बहुतेक वेळा भरतानाच होते. पेट्रोल भरून झाल्यावर वरून ऑइल ओतलं, तर ते जड असल्यामुळे टाकीच्या तळाला बसतं आणि पेट्रोलच्या कॉकमधून थेट कार्बोरेटरमध्ये उतरतं. मग गाडी दोन किकमध्ये लागत नाही आणि प्लग काढला तर काळा, ओला निघतो. पेट्रोल पंपावर भरताना आधी ऑइल टाका आणि त्यावर पेट्रोल सोडा, धारेनेच ते मिसळतं. घरी भरत असाल तर डब्यात थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल घालून चांगलं हलवा, मग टाकीत ओता.

"जास्त ऑइल घातलं तर इंजिन जास्त टिकेल" हा समज सोडून द्या. जादा ऑइलने धूर वाढतो, एक्झॉस्ट पोर्टवर कार्बन चढतो आणि सायलेन्सर चोक होतो. चढाला गाडी दम टाकते, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

एक गोष्ट तुळजापूरला जाणाऱ्यांसाठी. परत येताना घाट उतरताना गिअरमध्ये ॲक्सलेटर पूर्ण सोडला, तर इंजिन जोरात फिरत असतं, पण पेट्रोल कमी जातं आणि त्यातलं ऑइलही कमीच जातं. मधून मधून थोडा ॲक्सलेटर द्या. चादरींचे गठ्ठे घेऊन मे महिन्याच्या दुपारी फिरणाऱ्यांनीही इंजिनाला मधे विसावा द्यावा.

ऑइल पंप

इथे ऑइलची टाकी वेगळी असते. पंप इंजिनावर फिरतो आणि काही गाड्यांत ॲक्सलेटरच्या केबललाही जोडलेला असतो. त्यामुळे रिकाम्या इंजिनाला कमी आणि ओझ्याला जास्त ऑइल जातं. धूर कमी होतो आणि माप धरायची कटकट राहत नाही. घरात तीन-चार जण एकच गाडी चालवत असतील, तर हीच सोय चांगली. पेट्रोल भरताना ऑइल विसरणारा एक जण प्रत्येक घरात असतोच.

पण पंपाची खोड ही, की तो बिघडल्याचं कळत नाही. दिवा असेल तर तो फक्त टाकीतलं ऑइल संपत आल्याचं सांगतो. ऑइल इंजिनापर्यंत पोचतंय की नाही, हे सांगत नाही. इंजिन उघडलं तर पिस्टनवर उभ्या रेघोट्या आणि ॲल्युमिनियम सिलिंडरला पुसलेलं दिसतं, आणि ऑइलची टाकी मात्र निम्मी भरलेली! टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली किंवा नळी जुनी होऊन कडक झाली, की लाइन हवा धरते. मग वरून कितीही ऑइल भरा, पुढे जात नाही.

म्हणून नळी बदलली किंवा टाकी कोरडी पडली, की आम्ही आधी हवा काढतो. त्यानंतरची पहिली टाकी मिक्स पेट्रोलची भरतो, पंप चालू ठेवूनच. ऑइलच्या टाकीवर खूण करून देतो. पातळी खाली आली तर पंप ओढतोय, मग साधं पेट्रोल. त्या टाकीपुरता धूर जास्त दिसेल, घाबरू नका. आणि रात्रभर उभी गाडी सकाळी ढग सोडत असेल, तर पंपातून ऑइल झिरपत असण्याची शक्यता आहे, दाखवून घ्या.

पंप काढायचाच ठरला, तर त्याची ऑइलची वाट व्यवस्थित बंद झाली पाहिजे. तिथून हवा ओढली गेली तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि इंजिन तापतं. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा, यापुढे साधं पेट्रोल भरायचं नाही. टाकीच्या झाकणावर तसा स्टिकर आम्ही लावून देतो.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल

आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही इथेनॉल बनतं. ते पाणी धरतं आणि जुनं रबर खराब करतं. त्यामुळे मिक्स पेट्रोल लागेल तेवढंच बनवा, महिन्याभरात संपवा आणि डबा घट्ट बंद ठेवा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. नाहीतर पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये नुसतं ऑइल चिकटून राहतं.

तपासणीला येताना सध्या वापरता त्या ऑइलचा डबा सोबत आणा, आणि शक्य असेल तर गाडी थंड असताना आणा. प्लगचा रंग बघून बरंच काही सांगता येतं, म्हणून येण्याआधी तो पुसू नका.